चार नंबरची टाकी

पुण्याहून ओवीचा फोन आला तेव्हा लक्ष्मण दिघे बडोद्याला मकरपुऱ्याच्या कारखान्यात दुधाच्या एका नव्या टाकीत डोकं खुपसून, बॅटरीच्या उजेडात वेल्डिंगचे जोड बघत होता. डोकं घाईने बाहेर काढताना कपाळाला काठ लागला. ते चोळत त्याने फोन कानाला लावला, तर पलीकडे पोरगी नुसती उधाणलेली. "दिघेकाका, चार नंबर आज बंद केली! बाकीच्या तिघी काल केल्या, आज ही." लक्ष्मणला वाटलं, बिघडली. "बंद? का गं, काय झालं?" "अहो, बिघडली म्हणून नाही! वरचा व्हेंट बंद केला. आता बिअरचा गॅस बिअरमध्येच राहणार. शनिवारी उद्घाटन, आणि पहिला ग्लास तुमच्या नावाने ओतणार, मग तुम्ही प्या नाहीतर नका पिऊ." लक्ष्मण हसला. हसता हसता सहज, अगदी सहज त्याने विचारलं, "आणि सिलेंडर आले का गॅसचे?" यावर ओवी इतकी मोकळी हसली की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला. "सिलेंडर कशाला हवेत, काका? यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं. तो बाहेर जाऊ द्यायचा नाही, की झालं. काही जण भरतात सिलेंडरनं. मी नाही भरत. आपली टाकी दोन किलोचं प्रेशर घेते ना? मी एकाच्या पुढे जाणारसुद्धा नाही." पुढे ती बरंच काही बोलली, आईबाबांबद्दल, उद्घाटनाबद्दल. लक्ष्मण हं हं करत राहिला. फोन ठेवल्यावर तो टाकीला हात टेकून उभा राहिला, बॅटरी विझवायचंही भान त्याला राहिलं नाही.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण लक्ष्मणला जे ठाऊक होतं ते आणखी दोघांनाच ठाऊक होतं. एक कारखान्याचे मालक शेठ, आणि दुसरा लक्ष्मणने धरलेला पेन. चार टाक्यांपैकी पहिल्या तीन टाक्या त्याने रीतसर तपासल्या होत्या. तपासायची म्हणजे टाकी पाण्याने काठोकाठ भरायची, पंपाने तीन किलोपर्यंत दाब चढवायचा आणि एक तास काट्यावर डोळे लावून बसायचं. काटा हलला नाही तर टाकी पास. चौथीच्या दिवशी बोअरची मोटर जळाली. पाण्याचा टँकर येतो येतो म्हणत आलाच नाही. ट्रक दारात उभा, ड्रायव्हर शिव्या देतोय, पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय. शेठ जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे दिघेभाई, कंई नहीं थाय. दूध होय के दारू, टांकी ते टांकी." आणि लक्ष्मणला, पंचवीस वर्षं जोड तपासणाऱ्या माणसाला, ते पटलं! पटलं, कारण त्याच्या डोक्यात बिअर म्हणजे सोड्याची बहीण. सोड्यात गॅस कुठून येतो? सिलेंडरमधून. तोही शेवटी, बाटलीत भरताना. टाक्या बसवायला गेला तेव्हा बंगळूरला आणि गुडगावला त्याने ते सिलेंडर डोळ्यांनी बघितले होते. मोठ्या टाकीतून निघालेली नळी बादलीतल्या पाण्यात सोडलेली असायची, बुडबुडे निघायचे, गॅस मोकळाच. म्हणजे टाकीवर जोर कसला? दूध जसं राहतं तसं हे राहणार. मग त्याने पॅड पुढ्यात ओढलं आणि दर दहा मिनिटांचं रीडिंग लिहिलं. तीन, तीन, तीन, तीन, तीन, तीन. पाण्याचं तापमान एकतीस लिहिलं. नंतर ते खोडून एकोणतीस केलं, कारण थोडी खाडाखोड असली की कागद खरा वाटतो. ही अक्कल त्याला कुठून सुचली देव जाणे. सेफ्टी व्हॉल्व त्याच दिवशी खोक्यातून काढून बसवला, तोही न तपासता. खाली सही, तारीख, आणि नावाच्या पट्टीवर आद्याक्षरं ठोकून मोकळा.

त्या आद्याक्षरांचा त्याला कोण अभिमान! वडील बळवंतराव संस्थानच्या काळापासून वजनमापं तपासायच्या खात्यात होते. बाजारातल्या प्रत्येक वजनावर त्यांचा ठसा असायचा, आणि त्यांच्याबरोबर मांडवीतून चालताना व्यापारी उठून उभे राहायचे. लक्ष्मणसाठी कोण उठणार? पण बडोद्यासारख्या दारूबंदीच्या गावात, जिथे बाटलीचं नाव काढलं तरी सोसायटीतली माणसं आवाज खाली करतात, तिथे बनलेल्या त्याच्या टाक्या देशभरच्या, आपली बिअर आपणच बनवून विकणाऱ्या पबांत काचेमागे झळकत होत्या, आणि प्रत्येकीवर ल. दि. घरी, नात्यात, कारेलीबागेतल्या शेजाऱ्यांत सांगायचं 'फूड प्रोसेसिंग'. बाहेरगावी टाकी बसवून झाली की मात्र त्याचा एक नाद होता. संध्याकाळी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याच जागी गिऱ्हाईक म्हणून जाऊन बसायचा. लिंबूपाणी मागवायचा. वेटर खांदे उडवायचे. उडवू देत. समोरच्या भिंतभर काचेपलीकडे आपल्या टाक्या, त्यावर पिवळे दिवे, आणि अलीकडे माणसं. पहिल्यांदा बंगळूरला तो असा बसला तेव्हा त्याची नजर सारखी दाराकडे जायची, आता पोलीस येणार. आले नाहीत. एक आजी नातवाला बटाट्याच्या काचऱ्या भरवत होती आणि मधूनमधून स्वतःच्या ग्लासातून घोट घेत होती, जसं काही ताकच. त्याला हसू आलं आणि मग उगाच भरूनही आलं. एवढी वर्षं आपण कसल्या भीतीत काढली, कुणाची भीती, असं काहीसं. पुण्याची जागा तर अजून सुरूच व्हायची होती, तरी तिथे तो चार संध्याकाळी जाऊन बसला. ओवी, तिथली बिअर बनवणारी, सत्तावीस वर्षांची, गमबूट घालून टाक्यांमधून धावणारी पोरगी, त्याच्यासमोर घरी नमुन्याला बनवलेल्या बिअरचे सहा चिमुकले ग्लास लाकडी फळीवर घेऊन बसली. "नुसता वास तरी घ्या, काका." त्याने घेतला. पावाचा वास आला, मग पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा. "आमच्याकडे चालत नाही गं," तो म्हणाला. ती म्हणाली, "तुमच्याकडे बनतं, पण चालत नाही!" तिच्या हसण्यात खवचटपणा नव्हता. निघताना ती वाकून पाया पडली. टाकी चढवताना नारळही तिनेच फोडला होता, चार नंबरपुढे. ती अगदी काचेला लागून असलेली. तिच्या पायाशी लांबलचक टेबल टाकलं होतं, वीस माणसं बसतील एवढं.

कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन त्याने परत फोन लावला. बोलायचं काय ते ठरवलं होतं. बोलला भलतंच. "ओवी, जरा असं कर, चार नंबरचा व्हेंट थोडा वेळ उघडून ठेव. तो गेज, म्हणजे प्रेशरचा काटा, मला जरा अडकल्यासारखा वाटला होता." "आत्ता उघडला तर गॅस जाईल ना, काका. शनिवारी मी लोकांना काय, केळ्याचं पाणी पाजू?" "तसं नाही, पण खात्री." "खात्री तुमच्या सर्टिफिकेटची आहे की! मी फ्रेम करून लावणार होते ऑफिसात. एवढं स्वच्छ अक्षर! इथल्या लोकांना म्हटलं, बघा, माणूस तासभर काट्यासमोर बसलाय आणि चुकलेलं तापमानसुद्धा खोडून नीट लिहिलंय." लक्ष्मणने भिंतीला पाठ टेकवली. तो इतकंच म्हणाला, "मग निदान रीडिंग कळवत राहा." "कळवते ना. दर दोन तासांनी, चालेल?" चालेल म्हणाला. मूर्ख! स्वतःच्या हाताने गळफास मागून घेतला. कारण बारा वाजता मेसेज आला, ०.२ किलो, आणि तेव्हापासून त्या दिवसाला दुसरं काही उरलं नाही.

शेठांच्या केबिनमध्ये तो गेला. सगळं सांगितलं, गॅसचं, सिलेंडरचं, आपल्या चुकीचं. शेठ मुखवास चघळत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी डोळे बारीक केले. "दिघेभाई, एक वात कहो. तमे त्यां फोन करीने शुं कहेशो? टेस्ट नथी करी, एम?" टेस्ट केली नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगणार का, असं ते विचारत होते. "अने सही तो तमारी छे ने?" शेठांचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. उलट त्यांनी चहा मागवला, त्याला बशीत ओतून प्यायला लावला, आणि म्हणाले, आपल्या मालात दम आहे, तीन टाक्या टिकल्या तर चौथी का नाही टिकणार, डोकं दुखत असेल तर आज लवकर घरी जा. म्हणजे वेळ आली तर काखा वर करायची तयारी या माणसाची आतापासून झालेली होती. बाहेर आला तर सुभानराव, म्हातारा वेल्डर, सावलीत बिडी ओढत बसले होते. लक्ष्मणने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पण त्यांचं ते वाक्य टाळता येईना. चार नंबरचा वरचा घुमट आणि खालचं पिंप यांचा जोड दोनदा फुटला होता, दोनदा त्यांनी भरला होता, आणि तिसऱ्या दिवशी चष्मा पुसत पुसत त्याच्यापाशी येऊन ते हळूच म्हणाले होते, "दिघेसाहेब, ह्या जोडाची पाण्याची टेस्ट तेवढी नीट करा हं. मोतीबिंदू आहे, पहिल्यासारखं दिसत नाही मला. कुणाला बोलू नका." कुणाला बोलला नव्हता तो. तेवढं मात्र अगदी इमानेइतबारे पाळलं होतं.

स्कूटर त्याने घराच्या दिशेने घातली तेव्हा दोन वाजले होते, मेसेज आला होता, ०.४. मे महिन्याचं ऊन रस्त्यावरून परतून तोंडावर येत होतं. गॅस दिसत नाही, त्याचं वजन जाणवत नाही, तो आत बसल्या बसल्या वाढत राहतो, कुणी काही न करता. हे एवढं साधं त्याला एक्कावन्नाव्या वर्षी कळत होतं. आणि पोरीला सांगायचं म्हणजे काय होईल हेही त्याला पाठ होतं. ती विचारेल, का? ती हुशार आहे, तिला गेजबिजच्या गोष्टी दोनदा खपणार नाहीत. मग कागद परत येतील. मग गिऱ्हाईक, वकील, शेठ कानावर हात ठेवून उभे. मग परत स्वयंपाकघर. लक्ष्मणला दुसरं काही नाही, ते स्वयंपाकघर दिसलं. अठ्ठ्याण्णव साली आधीची कंपनी बंद पडली, बाहेरच्या देशातून स्वस्त पंप येऊ लागले आणि चारशे माणसं एका दुपारी फाटकाबाहेर उभी राहिली, तेव्हा त्याच्या बायकोने, निरुपमाने, हॉलमध्ये दहावीच्या गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. पोरांच्या आयांना काय वाटेल, मास्तरीणबाईंचा नवरा भर दुपारी घरी कसा, म्हणून चार ते सात लक्ष्मण स्वयंपाकघरात बसायचा. दार लोटून. मिक्सर लावायचा नाही, खोकायचं नाही, शिंक आली तर तोंडात पदर कोंबल्यासारखा टॉवेल. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत त्याने किती लसूण सोलला असेल! पलीकडून बायकोचा आवाज, क्ष ची किंमत काढा, आणि अलीकडे हा, जिवंत माणूस, ओट्याला टेकून, श्वास मोजत. एकदा शिकवणीला नव्याने आलेल्या मुलीने पाणी प्यायला दार ढकललं आणि तो दिसताच किंचाळली. तो तिची माफी मागत राहिला. कशाबद्दल मागतोय तेच त्याला कळत नव्हतं. ते सगळं परत, या वयात? नाही. त्यापेक्षा टाकी टिकेल. टिकते की. सुभानरावांचे हात अजून हात आहेत. आणि मग सिग्नलला उभं असताना त्याला ओवीचे गमबूट दिसले, पिवळे, एका पायाला चिखल. त्याने डोळे मिटले. मागचे हॉर्न वाजवू लागले, कुणीतरी ओरडलं, "अरे काका, चालो ने!"

घरी आला तेव्हा चार वाजून गेले होते. मधला वेळ कुठे गेला हे त्याला सांगता आलं नसतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, समाकडे जाऊन परत आला होता बहुतेक, पेट्रोल संपत आलं होतं. हॉलमध्ये सात-आठ पोरी वह्या उघडून बसल्या होत्या. निरुपमाने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, मुलींना एक उदाहरण घातलं आणि मागोमाग आत आली. "बरं नाही वाटत का? तोंड बघा कसं झालंय." त्याने फोन तिच्या हातात दिला. ०.६. मग ओट्याला टेकून, आवाज न करता, जुन्या सवयीने कुजबुजत त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं. चष्मा काढून पदराने पुसला.

"शेठना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणतात काही होत नाही."

"मग झालं तर. त्यांचा कारखाना, त्यांचं डोकं. तुम्ही मध्ये पडू नका."

"अगं, ती पोरगी तिथे उभी आहे."

"आणि मी इथे उभी आहे!" निरुपमा एवढ्यांदा म्हणाली की हॉलमधली कुजबुज थांबली. मग तिचा आवाज खाली आला. "तुम्ही आत बसायचात ना, तेव्हा मी बाहेर काय शिकवत होते माझं मला कळत नव्हतं. सगळं लक्ष ह्या दाराकडे. आत काही करून तर घेणार नाहीत ना हा माणूस. आवाज आला तरी भीती, नाही आला तरी भीती. मला परत नाही जमणार हो ते. अळीमिळी गुपचिळी करून बसा आजचा दिवस. दोन दिवसांनी तिची बिअर पिऊन संपेलसुद्धा." आणि ती डोळे पुसून बाहेर गेली. लगेच तिचा आवाज आला, "हं, कोणाचं आलं उत्तर?"

लक्ष्मण स्टुलावर बसला. बायको बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं. ही भीती तिने बारा-तेरा वर्षांत एकदाही बोलून दाखवली नव्हती. त्याला तिची दया आली, स्वतःची आली, आणि मग दोन्हींचा संताप आला. मूग गिळून बसायचं म्हणजे नक्की किती वेळ बसायचं? शनिवारपर्यंत? मग पुढची भट्टी लावतील, परत व्हेंट बंद. दर पंधरा दिवसांनी. त्याच्या आयुष्यभर. कुठल्यातरी पेपरात कुठल्यातरी पानावर बातमी शोधत बसायचं. त्याला भीती वाटत होती, दुसरं तिसरं काही नाही, सरळ भीती, लहानपणी विहिरीत वाकून बघताना वाटायची तशी. सहाला फोन थरथरला. ०.८. या वेळी आकड्याखाली फोटोही होता. काचेला लागून असलेलं लांब टेबल, त्यावर पोह्यांच्या बशा, आणि भोवती माणसं दाटीवाटीने बसलेली. खाली ओवीने लिहिलं होतं, 'आज फक्त घरच्यांना बोलावलंय. आईबाबा मुद्दाम तुमच्या टाकीखाली बसलेत.' आई नऊवारीत होती. बाबा मान वर करून टाकीकडे बघत होते, तोंड किंचित उघडं, जसं कुणी देवळाचा कळस बघतं. त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर तो जोड होता.

त्याने फोन लावला. लागेपर्यंत चार वेळा घंटा वाजली.

"बोला काका! बघितला फोटो?"

"ओवी, नीट ऐक. आधी सगळ्यांना तिथून उठव. रस्त्यावर ने. मग व्हेंटच्या नळीची चावी भिंतीकडच्या टोकाला आहे ना, तिथून चार नंबरचा व्हेंट उघड. हळूहळू उघड. टाकीजवळ जाऊ नकोस."

"काय झालं?"

"ती टाकी मी टेस्ट केलेली नाही. पाणीच नव्हतं त्या दिवशी. सगळे आकडे मी बसून लिहिले. तापमान खोडलं ते पण खोटं. सेफ्टी व्हॉल्व तपासलेला नाही. जोड दोनदा भरलाय, तो धरेल की नाही मला ठाऊक नाही." बोलताना त्याचा आवाज मोठा झाला होता, घरभर जात होता, आणि हॉलमध्ये चिडीचूप होतं.  मग पलीकडून खुर्च्या सरकल्याचे आवाज, ओवीचा आवाज लांबून, "आई, ऊठ! बशा राहू दे, बशा राहू दे म्हणते ना!" पावलं, एक बशी फुटली, दार. मग काहीच नाही. लक्ष्मणने फोन कानात रुतेल इतका दाबला. मग सुरू झाला, आधी बारीक, मग भरून आलेला, सूऽऽ असा गॅस सुटल्याचा आवाज. तो ऐकताना त्याचे डोळे वाहू लागले आणि त्याने ते पुसले नाहीत. स्वयंपाकघराचं दार उघडलं होतं. निरुपमा दारात उभी होती, तिच्यामागे पोरींची तोंडं. त्या त्याच्याकडे बघत होत्या आणि बघू देत, त्याला काही वाटेना. आवाज बारीक होत होत थांबला.

"शून्यावर आली," ओवी म्हणाली. तिला धाप लागली होती.

"आईबाबा?"

"बाहेर आहेत."

"देव पावला गं बाई. आता तिला हात लावू नका, मी लिहून देतो सगळं, आज रात्रीच्या गाडीने निघतो."

"बाकीच्या तीन?"

"त्या केल्यात. एकेक तास, प्रत्येकीला. मी स्वतः काट्यासमोर उभा होतो. त्यांच्यात काही खोट नाही."

"कशावरून?"

 लक्ष्मणला ते तीन कागद दिसले. त्याच पॅडचे, त्याच शाईचे, त्याच स्वच्छ अक्षरातले. तीन, तीन, तीन, तीन, तीन, तीन. खाली तीच सही. खरे तीन आणि खोटा एक शेजारी ठेवले तर खोटाच जास्त खरा दिसला असता. त्या तीन तासांचा, त्या उन्हात उभं राहण्याचा, पाण्याच्या गारव्याचा, न हललेल्या काट्याचा दुसरा पुरावा त्याच्यापाशी काही नव्हता. पंचवीस वर्षांच्या कामाचाही नव्हता. "ओवी, मी सांगतोय ना," तो म्हणाला, आणि ते त्याचं त्यालाच ऐकवेना.

"ठीक आहे, मिस्टर दिघे," ती म्हणाली. रागावून नाही, एखाद्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं. फोन तिने बंद केला नाही, बहुतेक कुठेतरी ठेवून दिला. तिची पावलं लांब गेली. मग पहिल्या टाकीचा गॅस सुटायला लागला, आणि ती टाकी धडधाकट होती, हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.